सुरांचे गाव

प्रत्येक गावाचे दोन नकाशे असतात. एक नकाशा भूगोलाच्या पुस्तकात छापलेला असतो. त्यात नदी, लोहमार्ग, किल्ला, बाजारपेठ अशा खुणा असतात आणि तो कोणालाही वाचता येतो. दुसरा नकाशा गावातील वडीलधाऱ्या माणसांच्या मनात असतो. त्यात घरांना आणि गल्ल्यांना माणसांची नावे असतात. अमक्या वाड्यात कोण राहत असे, तमक्या ओट्यावर कोणाची बैठक बसे, कोणत्या झाडाखाली कोण गाऊन गेले, या खुणांनी तो भरलेला असतो. पहिला नकाशा पाहून माणूस गावात पोहोचतो. पण गाव कळावयाचे असेल तर दुसऱ्याच नकाशाचा आधार घ्यावा लागतो.

मिरजेचा पहिला नकाशा सोपा आहे. सांगली जिल्ह्यात, कृष्णा नदीपासून जवळच हे जुने शहर वसलेले आहे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चारी बाजूंचे लोहमार्ग येथे एकत्र येतात. त्यामुळे पुष्कळ प्रवाशांना मिरज ठाऊक असते ते गाडी बदलण्याचे स्थानक म्हणून. एके काळी येथे पटवर्धन घराण्याचे संस्थान होते; १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. इतकी माहिती कोणत्याही पुस्तकात सापडते.

परंतु मिरजेतील जुनी माणसे संध्याकाळी ओट्यावर बसून बोलू लागली म्हणजे दुसरा नकाशा हळूहळू उलगडू लागतो. त्यांच्या बोलण्यात संस्थानिकांची नावे येतात, नाही असे नाही. पण ती ओझरती. बोलणे रंगते ते गवयांविषयी, तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांविषयी, एखाद्या शास्त्र्याविषयी किंवा डॉक्टराविषयी. गावाने कोणाला मनात जपून ठेवले आहे, हे अशा वेळी समजते.

या आठवणींत पहिला मान बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचा. त्यांचा जन्म १८४९ साली इचलकरंजीजवळच्या चंदूर गावी झाला. त्या काळी ख्यालगायन शिकावयाचे तर उत्तरेकडे ग्वाल्हेरला जावे लागे. आगगाडीची सोय सर्वत्र नव्हती, जवळ पैसा नव्हता आणि गुरू आपली विद्या सहजासहजी देतील अशी खात्रीही नव्हती. तरीही हा तरुण गुरूच्या शोधात घराबाहेर पडला. वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी राहून, गुरुगृही पडेल ते काम करून त्याने ग्वाल्हेरची गायकी आत्मसात केली आणि ती महाराष्ट्रात आणली. आज महाराष्ट्रात ख्यालगायन घरोघरी ऐकू येते, त्याच्या मुळाशी बाळकृष्णबुवांचे हे कष्ट आहेत. पुढे काही वर्षे बुवा मिरजेस राहिले आणि त्यांच्या शिकवणीचे सूर येथील वाड्यांतून घुमू लागले.

त्याच सुमारास मिरजेत एक मुलगा आला. तो गाणे शिकण्यासाठी आला नव्हता. तो आला होता डोळ्यांवर उपचार करून घेण्यासाठी. त्याचे नाव विष्णू दिगंबर पलुसकर. १८७२ साली कुरुंदवाड येथे जन्मलेल्या या मुलाच्या डोळ्यांना लहानपणी शोभेच्या दारूने मोठी इजा झाली होती. वडील कीर्तनकार होते. मुलगा बुद्धीने तल्लख. पण दृष्टीच अधू झाल्यावर शाळेचे शिक्षण चालू राहावे कसे? मिरजेचे डॉक्टर भडभडे यांनी त्याच्यावर उपचार केले. डोळे पूर्ववत झाले नाहीत, परंतु मुलाचा आवाज ऐकून हा मुलगा गाणे शिकला तर नाव काढील, असे जाणत्यांना वाटले. मिरजेच्या अधिपतींनी त्याच्या राहण्याजेवण्याची व्यवस्था केली आणि १८८७ च्या सुमारास विष्णू बाळकृष्णबुवांचा शिष्य झाला. डोळ्यांवाटे जो प्रकाश गेला, तो कानांवाटे परत आला.

जवळजवळ नऊ वर्षे ही तपश्चर्या चालली. पहाटे उठून तंबोरा जुळवावा, एकेक स्वर तासन् तास घोटावा, गुरूंच्या घरची कामे करावीत आणि पुन्हा तंबोऱ्यापाशी बसावे, असा त्या काळच्या शिष्याचा दिनक्रम असे. विद्या मिळत होती. पण विद्यावंताला मान मिळत नव्हता. गवई म्हणजे राजेरजवाड्यांचे मन रिझविणारा आश्रित, अशी समाजाची समजूत होती. एका समारंभाचे आमंत्रण विष्णूला आले आणि त्याच्या गुरूंना मात्र आले नाही. ते गवई पडले, त्यांना कशाला बोलवावयाचे, असे उत्तर मिळाले, अशी एक गोष्ट पलुसकरांच्या चरित्रात सांगितली जाते. ज्यांच्या पायाशी बसून आपण शिकतो, त्यांना पंक्तीत जागा नाही, हे त्या तरुणाच्या जिव्हारी लागले. तो कोणाशी भांडला नाही. त्याने मनाशी निश्चय केला, की गाण्याला आणि गाणाऱ्याला या देशात मानाची जागा मिळवून द्यावयाची. १८९६ साली त्याने मिरज सोडली.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. राजवाड्यातच गावे हा रिवाज मोडून पलुसकरांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. ज्याला ऐकण्याची इच्छा आहे, त्याने थोडे पैसे द्यावेत आणि मानाने बसून ऐकावे. मग तो सरदार असो वा दुकानदार. ५ मे १९०१ रोजी त्यांनी दूर लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. राजाश्रयावर नव्हे, तर लोकांच्या पाठबळावर चालणारी गाण्याची शाळा ही कल्पनाच तेव्हा नवी होती. पुढे मुंबईलाही शाळा निघाली. गाणे कागदावर लिहिता यावे म्हणून त्यांनी स्वरलिपी तयार केली आणि मुलांसाठी गाण्याची क्रमिक पुस्तके छापली. राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत त्यांनी राष्ट्रगीते गाइली. शाळेसाठी झालेल्या कर्जापायी मुंबईची इमारत त्यांना गमवावी लागली. पण तोपर्यंत त्यांचे शिष्य देशभर पसरले होते. इमारत गेली, शाळा राहिली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी पलुसकरांनी देह ठेवला तो मिरजेतच. ज्या गावात ते अधू डोळ्यांनी आले होते, त्याच गावात त्यांनी आपले भरलेले आयुष्य संपविले.

पलुसकरांच्या शिष्यांतही मिरजेची माणसे होती. विनायकबुवा पटवर्धन १८९८ साली मिरजेत जन्मले. गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी भूमिका केल्या, पण गुरूंचे कार्य त्यांना स्वस्थ बसू देईना. १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी पुढील सारे आयुष्य अध्यापनास वाहिले. बाळकृष्ण रघुनाथ देवधर हेही मिरजेचेच. त्यांचा जन्म १९०१ सालचा. मुंबईतील त्यांच्या संगीतशाळेत एक अलौकिक बुद्धीचा मुलगा शिकावयास आला. तोच पुढे कुमार गंधर्व म्हणून प्रसिद्धीस आला. बाळकृष्णबुवांचे आणखी एक शिष्य नीळकंठबुवा यांनी मिरजेत राहूनच विद्यादान केले आणि कर्नाटकातून आलेल्या मल्लिकार्जुन मन्सूर यांना घडविले. एका गुरूच्या घरात लावलेली पणती अशी घरोघर पोहोचली.

मिरजेच्या आठवणींचा दुसरा मानकरी दूर उत्तरेतून आला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली किराणा या गावी झाला. योगायोग असा, की पलुसकरांचा आणि त्यांचा जन्म एकाच वर्षीचा. देशोदेशी फिरत खाँसाहेब महाराष्ट्रात आले. प्लेगच्या दिवसांत ते आजारी पडले असता मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना आराम वाटला आणि तेव्हापासून या स्थानावर त्यांची श्रद्धा जडली, असे सांगतात. पुढे त्यांनी मिरजेतच घर केले.

खाँसाहेबांचा आवाज मोठा किंवा भारदस्त नव्हता. तो बारीक, टोकदार आणि अत्यंत सुरेल होता. मध्यरात्रीच्या शांततेत दूरवरून बासरी ऐकू यावी, तसा तो ऐकणाऱ्याला वाटे. घाई अशी त्यांच्या गाण्यात नव्हती. एकेक स्वर ते सावकाश उलगडीत. दक्षिणेतील संगीताचाही त्यांनी आदराने अभ्यास केला होता. त्यांच्याविषयीची एक आठवण मुलांना हमखास सांगितली जाते. टिपू नावाच्या आपल्या कुत्र्याला त्यांनी म्हणे सुरात सूर मिळविण्यास शिकविले होते! ही गोष्ट ऐकून मुले हसतात. पण स्वराचे वेड किती असावे, हेही त्यांना त्यातून उमगते. खाँसाहेबांना वाद्यांची दुरुस्तीही उत्तम येई. तंबोऱ्याच्या आवाजात तिळमात्र उणेपणा जाणवला तर ते स्वतः हत्यारे घेऊन बसत. मोठा गवई झालो म्हणून सुताराचे काम हलके, असे त्यांनी कधी मानले नाही.

रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, हे त्यांचे शिष्य. सवाई गंधर्वांनी पुढे गंगूबाई हनगळ आणि भीमसेन जोशी यांना शिकविले. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ साली मिरजेतच झाला. स्त्रियांनी जाहीर मैफलीत बसून गाणे हे जेव्हा समाजाला रुचत नव्हते, तेव्हा हिराबाईंनी आपल्या शालीन वागण्याने आणि गोड गळ्याने लोकांचे मन पालटविले.

२७ ऑक्टोबर १९३७ हा दिवस. मद्रासहून पाँडेचरीकडे जात असता खाँसाहेबांना गाडीत अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या एका लहानशा स्थानकावर ते उतरले. तेथेच फलाटावर त्यांनी ईश्वराची प्रार्थना म्हटली आणि त्या स्थितीतच त्यांचा प्राण गेला. त्यांना मिरजेस आणण्यात आले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती देण्यात आली. दरवर्षी उरुसाच्या वेळी दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. ठिकठिकाणचे गायकवादक येतात, रात्रभर गाणे चालते. दर्ग्याच्या आवारात भजनही गाइले जाते आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. ग्वाल्हेरची विद्या आणणारे बुवा आणि किराण्याची विद्या आणणारे खाँसाहेब, दोघांनाही मिरजेने सारख्याच प्रेमाने आपले मानले.

पण ही सारी थोर माणसे ज्या तंबोऱ्याच्या साथीने गाइली, तो तंबोरा कोणी घडविला? हा प्रश्न विचारल्यावर मिरजेच्या आठवणींतील सर्वांत मोलाचे पान उघडते.

मिरजेत शिकलगारांची वस्ती होती. तलवारी, भाले, कट्यारी घडविणे आणि त्यांना धार लावणे हा त्यांचा पिढीजात धंदा. १८१८ साली पेशवाई बुडाली, लढाया थांबल्या आणि हत्यारांना गिऱ्हाईक राहिले नाही. हातात कसब होते, पण त्या कसबाचे काम नाहीसे झाले. अशा वेळी माणूस एक तर हताश होतो किंवा नवी वाट शोधतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्यांची दुरुस्ती करण्यास आरंभ केला. दुरुस्ती करता करता वाद्य आतून कसे असते हे त्यांनी समजून घेतले आणि पुढे स्वतः तंबोरे व सतारी घडविल्या. पाते घासून घासून धारदार करणाऱ्या हातांनी आता स्वर घासून घासून गोड करावयास घेतला. त्यांच्या पाठोपाठ भाऊबंद या धंद्यात आले आणि शिकलगारांची घराणी सतारमेकर म्हणून ओळखली जाऊ लागली. मिरजेची सतारमेकर गल्ली भारतभरच्या कलावंतांना ठाऊक झाली ती अशी.

तंबोरा घडविण्याचे काम पाहण्यासारखे असते. त्याचा आरंभ शेतात होतो. पंढरपूर, मंगळवेढा या बाजूस भीमेच्या काठी खास जातीचे कडू भोपळे पिकतात. ते वेलावर चांगले जून होऊ देतात आणि मग वाळवितात. ओला भोपळा घाईने कापला तर तो कुजतो किंवा तडकतो. मिरजेत आल्यावर कारागीर त्यांतून मापाचा, डौलदार आणि निर्दोष भोपळा निवडतो. तो पाण्यात भिजवून कापावयाचा, आतील गर साफ करावयाचा, तोंड हवे तसे ताणून पुन्हा वाळवावयाचे. मग तुणीच्या लाकडाची पोकळ दांडी आणि भोपळ्यावरची तबली बसते. सांधे सरसाने जुळवितात, वर नक्षी करतात, लाखेचा झिलईदार लेप देतात, खुंट्या बसवितात आणि शेवटी तारा चढवितात.

इतके झाले तरी तंबोरा बोलत नाही. त्याला वाचा येते ती जवारीने. तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. ही घोडी वरून सपाट दिसली तरी तिला अगदी किंचित उतार असतो. तार छेडली की ती या उतारावर हलकेच घासते आणि एका स्वरातून अनेक सूक्ष्म स्वर झंकारू लागतात. हा उतार केसभर अधिक झाला तरी आवाज बोदा होतो, केसभर कमी झाला तरी तो कोंदतो. त्याला माप नाही, यंत्र नाही. कारागीर कानसेने दोनदा घासतो, तार छेडतो, कान लावून ऐकतो आणि पुन्हा घासतो. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवितो. तो दोरा नेमक्या जागी आला, की सारा तंबोरा एकदम उजळून निघाल्यासारखा गाऊ लागतो. कारागिराच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान दिसते, ते मैफल जिंकलेल्या गवयाच्या समाधानाहून कमी नसते.

आणि तरीही गवयाचे नाव सर्वांच्या तोंडी असते. कारागिराचे नाव क्वचितच कोणाला ठाऊक असते. मैफलीत गवयावर वाहवांचा वर्षाव होतो. त्याच्या मागे उभा असलेला तंबोरा कोणी केला, हे विचारावे असे शंभरांत एकालाही सुचत नाही. मिरजेतील वृद्धांच्या आठवणींचा विशेष हा, की त्यांत खाँसाहेबांबरोबर फरीदसाहेबही असतात. गाणारा आणि वाद्य घडविणारा यांची नावे त्या एकाच आदराने घेतात.

या शहराने केवळ संगीतच जपले असे नव्हे. डॉक्टर विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडाचे. १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले. दूरदूरचे रोगी येथे येऊन बरे होऊन जाऊ लागले आणि सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत. शाळेतून आल्यावर ते पटवर्धनांच्या दप्तरातील जीर्ण मोडी कागद वाचीत बसत. त्यातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे एकामागून एक भाग तयार झाले आणि मराठ्यांच्या इतिहासाला भक्कम आधार मिळाला. एका शाळामास्तराने फावल्या वेळात केलेले हे काम आहे! आणि १९०५ साली हंसप्रभा नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळीच्या नाटकात एका मुलाने शकुंतलेच्या रूपाने प्रथम रंगभूमीवर पाऊल ठेवले; त्या मुलाला सारा महाराष्ट्र बालगंधर्व म्हणून ओळखतो.

काळ कोणासाठी थांबत नाही. आता तंबोऱ्याचा आवाज काढणारी विजेची पेटी खिशात मावते आणि बटण दाबताच वाजू लागते. ती स्वस्त आहे, प्रवासात सोयीची आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तिच्यामुळे खऱ्या तंबोऱ्याची मागणी घटते. एक तंबोरा घडविण्यास कित्येक दिवस लागतात, कष्टाच्या मानाने मोबदला थोडा, म्हणून कारागिरांच्या घरातील तरुण मुले दुसऱ्या उद्योगांकडे वळतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेचे वाद्य मिरजेचेच, ते दुसऱ्या कोणी त्या नावाने विकू नये, असा कायद्याचा आधार त्यामुळे लाभला. ही आनंदाची गोष्ट खरी. तथापि जवारी कागदावर लिहून ठेवता येत नाही. ती एका कानाने दुसऱ्या कानाला द्यावी लागते. शिकणाराच उरला नाही, तर मानांकनाचा कागद राहील आणि तंबोरा मुका होईल.

शिकलगारांच्या पूर्वजांवर हाच प्रसंग आला होता. तलवारीचे दिवस संपले तेव्हा त्यांनी कसब टाकून दिले नाही. त्याला नवे काम दिले. पलुसकरांची दृष्टी अधू झाली तेव्हा त्यांनी विद्या सोडली नाही. तिचा दुसरा दरवाजा ठोठावला. खाँसाहेब परमुलखातून आले, तरी परके राहिले नाहीत. मिरजेच्या थोरवीचे मर्म राजवाड्यात किंवा किल्ल्यात नाही. ते अशा माणसांत आहे.

अशी माणसे एकट्या मिरजेतच झाली असे कोणी समजू नये. प्रत्येक गावात कोणी उत्तम सनई वाजविणारा असतो, कोणी मूर्ती घडविणारा असतो, कोणी निष्ठेने शिकविणारा गुरुजी असतो. त्यांची नावे पुस्तकात छापलेली नसतात. ती घरातील आजोबा-आजींच्या ओठांवर असतात. ती विचारून घ्यावीत, ऐकावीत आणि लिहून ठेवावीत. विचारणारे कोणी नसेल, तर गावाचा तो दुसरा नकाशा सांगणाऱ्याबरोबरच पुसला जातो. विचारणारी मुले घरोघर असतील, तर मात्र तो नकाशा पिढ्यान् पिढ्या ताजा राहतो, आणि जुळविलेल्या तंबोऱ्याप्रमाणे त्याचा झंकार गावात भरून राहतो.